घरामागच्या तळ्यावर बाघरोल येतो. फास लावायला निघालेल्या शेजाऱ्याला काय सांगू?

निळीशाई

परवा पहाटे साडेचारला शेजारच्या काकीमांनी दार वाजवलं. हातात टॉर्च, पदर कमरेला खोचलेला. "एशो, देखे जाओ," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. मी चपला न घालताच त्यांच्या मागे गेले.

आम्ही हावडा जिल्ह्यात उलुबेरियाच्या बाजूला राहतो. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, त्याला आता तीन वर्षं झाली. घरामागे काकीमांचं तळं आहे, इथे त्याला पुकुर म्हणतात, आणि तळ्याला लागून दोनेक बिघे बोरूचं बन. बोरू पुरुषभर उंच, मध्ये मध्ये पाणकणीस, खाली कुठे घोटाभर तर कुठे गुडघाभर पाणी. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर ते पाणी कधी हटत नाही.

तळ्याच्या काठावर अर्धा खाल्लेला रोहू पडला होता, किलो-सव्वा किलोचा असेल. बाजूच्या चिखलात ताजी पावलं. काकीमांनी टॉर्च बनाकडे फिरवला आणि दोन डोळे चमकले. ते जनावर पळालं नाही. आमच्याकडे थोडा वेळ बघत राहिलं, मग पाठ वळवून बोरूत शिरलं. घरच्या मांजराच्या दुप्पट, बुटकं आणि अंगाने भरीव. मातकट राखाडी रंग, त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. शेपूट अंगाच्या मानाने फारच आखूड. वळलं तेव्हा दोन्ही कानांच्या मागे एकेक पांढरा ठिपका दिसला.

काकीमा म्हणाल्या, बाघरोल. त्यांचा मुलगा मागे उभा होता, तो म्हणाला, मेछो बाघ. आणि लगेच पुढे म्हणाला, क्लचची जुनी तार पडली आहे, आज रात्री फास लावतो.

त्या मुलाची तक्रार करायला मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगते. काकीमांच्या बचत गटातून कर्ज काढून त्याने गेल्या पावसाळ्यात तळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडली. दिवसभर दुसरीकडे मजुरी करून संध्याकाळी तो माशांना खाद्य घालतो. या महिन्यात काठावर मेलेले किंवा खाल्लेले असे नऊ मासे सापडले, त्याने वहीत लिहून ठेवले आहेत. त्याच्या जागी मी असते तर मलाही झोप लागली नसती.

पण दीड महिन्यापूर्वीचं एक माझ्या डोक्यातून जात नाही. इथल्या महामार्गाला, म्हणजे कोलकात्याहून आपल्याकडे येणाऱ्या रस्त्याला, लोक अजून बॉम्बे रोड म्हणतात. त्या रस्त्यावर सकाळी रिक्षातून जाताना कडेला काहीतरी मरून पडलेलं दिसलं. मला वाटलं कुत्रं. परतताना जवळून बघितलं तर ठिपके. तेव्हा ते काय होतं हे मला माहीत नव्हतं. परवा टॉर्चच्या उजेडात तेच ठिपके जिवंत बघितले आणि पोटात तुटलं.

मुलीला सांगताना मी त्याला पाणमांजर म्हटलं. कुडाळला बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अगं पाणमांजर म्हणजे ऊद, ते वेगळं. तर आधी हे सांगा की हे नक्की काय आहे आणि मराठीत त्याला काय म्हणायचं. दुसरं म्हणजे सव्वा किलोचा रोहू हे मांजर खरंच काढू शकतं का. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त हवंय: बाहेरून येऊन राहिलेल्या बाईने त्या घराला काय सांगावं, म्हणजे त्यांचं तळंही राहील आणि हे जनावरही? फास आज-उद्यापर्यंत थांबवायला मी काकीमांना विनवलं आहे. त्या "आच्छा" म्हणाल्या, पण मुलगा काही बोलला नाही.

पावलांचे दोन फोटो जोडले आहेत, बाजूला काडेपेटी ठेवून.

चिखलवाट

काडेपेटी ठेवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसत्या चिखलाचे फोटो टाकतात आणि मापच कळत नाही.

पहिल्या फोटोत चार बोटं स्पष्ट आहेत. ऊद असता तर पाच बोटं दिसली असती आणि त्यांमधला पडदाही चिखलात उमटला असता. उदमांजर हे पुन्हा वेगळं, इंग्रजीत सिव्हेट, त्याचीही पाचच. चार बोटं आणि मागे रुंद गादी, म्हणजे मांजरकुळातलं जनावर. आता गंमतीचा भाग दुसऱ्या फोटोत आहे. दोन बोटांपुढे बारीक टोचल्यासारखी खूण दिसते ना? मांजरांची नखं चालताना आत असतात, त्यामुळे ठशात दिसत नाहीत. या जनावराची नखं मात्र पूर्ण आत जात नाहीत, टोकं थोडी बाहेर राहतात. पायाच्या बोटांमध्येही अर्धवट पडदा असतो. ओल्या चिखलात नखांची टोकं कधीकधी अशी उमटतात.

बोरूत रानमांजरही राहतं, पण त्याच्या अंगावर असे ठिपके नसतात, पाय लांब, कानाच्या टोकाला काळे केस आणि शेपटीच्या टोकाकडे काळी वलयं. तुम्ही सांगितलेल्या ठिपक्यांच्या ओळी, आखूड शेपूट, कानामागचे पांढरे ठिपके आणि तो बुटका बांधा, हे सगळं एकाच जनावराला लागू पडतं. मराठीत त्याला मासेमार मांजर म्हणावं. पाणमांजर हा शब्द आपल्याकडे ऊदासाठी पक्का झालेला आहे, तुमचे बाबा बरोबर आहेत. वाघाटीही म्हणू नका, ती वेगळी, अंगाने लहान आणि लांब शेपटीची.

नावांचा घोळ जुनाच आहे. 1833 साली प्राणिशास्त्रज्ञ बेनेट यांनी याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा 'विव्हेरिनस' हे नाव दिलं, त्याचा अर्थच उदमांजरासारखं. त्यांनाही चेहरा बघून तसंच वाटलं असणार.

खाडीकाठ

ताई, मी सिंधुदुर्गात खाजणात जिताडा आणि कोळंबी करतो, अकरा वर्षं झाली. माझ्याकडे हे मांजर नाही, ऊद आहेत. सहा-सात जणांचं कुटुंब एका रात्रीत काय करतं ते मी सोसलंय, त्यामुळे तुमच्या शेजारच्या पोराच्या बाजूने पहिल्यांदा बोलतो. त्याला कोणी "निसर्गाचा समतोल" वगैरे सांगायला जाऊ नका. हप्ता त्याला भरायचाय.

आता त्याला विचारा: ते नऊ मासे कुठल्या दिवशी सापडले? आदल्या दिवशी ढग होते का? पाणी गडद हिरवं झालंय का? पहाटे मासे वर येऊन तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसतात का?

हे का विचारतो ते सांगतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी. आदल्या दिवशी ऊन नसेल, तळात खाद्य आणि शेण कुजत असेल, तर तीन ते सहाच्या दरम्यान मोठे मासे आधी गुदमरतात. कातला आणि रोहू काठाला लागतात, अर्धमेले होतात. अशा वेळी काठावर मांजर असो, कोल्हा असो, कुत्रा असो, त्याला आयतं ताट. सकाळी मालक येतो, त्याला अर्धा खाल्लेला मासा दिसतो आणि खाणारा दिसतो. गुदमरणं काही त्याला दिसत नाही.

दोन मीटर खोल पाण्यात धडधाकट असलेला सव्वा किलोचा रोहू मांजराच्या हाती लागणं कठीण, असं माझं मत. काठाच्या उथळ पाण्यातली बोटुकली मात्र खातील, आणि बगळे, पाणकावळे, पाणसाप, घोरपड हे सगळेच खातील.

करायचं काय: पहाटे चार वाजता तळ्यावर जाऊन मासे आ वासतात का ते बघणं, हे पहिलं. वासत असतील तर दोन दिवस खाद्य बंद, शेणखत बंद, पंप लावून तेच पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं. बोटुकली सोडाल तेव्हा सुरुवातीचे दीड-दोन महिने तळ्याचा एक कोपरा जाळीने वेगळा करून त्यातच वाढवायची, काठाकडून कंबरभर उंच जाळी, खालची कड चिखलात पुरलेली. मी ऊदांसाठी हेच केलं. नुकसान शून्यावर आलं नाही, पण झोप येते.

आणि क्लचची तार लावू देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकाने रानडुकरासाठी लावली होती, त्यात त्याचाच कुत्रा सापडला. रात्रभर ओरडत होता. तार कोणाला धरायचं ते बघत नाही.

लव्हाळं

वर दोघांनी चांगलं लिहिलंय. मी चार हिवाळे ओडिशात चिलिका सरोवराच्या काठावर आणि नंतर काही महिने तुमच्याच हावडा जिल्ह्यात या मांजराच्या कामावर होतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

काकीमांच्या मुलाने वापरलेल्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण माझ्या अनुभवात सगळी गडबड तिथून सुरू होते. 'मेछो बाघ', म्हणजे मासेखाऊ वाघ, म्हटलं की बाघ ऐकू येतो. रात्री कोणी ठिपके बघतं, "बाघ" ओरडतं, आणि काठ्या घेऊन पन्नास माणसं गोळा होतात. बांगलादेशातही हेच होतं, तिथेही संवर्धनवाले 'मेछो बाघ' सोडून 'मेछो बिडाल', म्हणजे मासेखाऊ मांजर, म्हणा असं सांगत असतात. हे पाच ते सोळा किलोंचं मांजर आहे. माणसावर चालून जात नाही, तुम्ही स्वतः बघितलंत की ते पाठ वळवून गेलं. त्या घरात फक्त बाघरोल म्हणत राहा. काकीमा म्हणतातच.

हे मांजर पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे, 2012 पासून. वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. हे मुलाला सांगा, पण धमकी म्हणून नको. तार लावणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा माहीतच नसतं की आपण वाघाइतक्या जपलेल्या जनावरावर फास टाकतोय. मी हे सांगितल्यावर घाबरून गेलेली, आणि नंतर जरा अभिमानाने "आमच्याकडे आहे" म्हणणारी माणसं बघितली आहेत.

धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते 2008 साली संकटग्रस्त होतं, 2016 च्या मूल्यांकनात असुरक्षित या जरा कमी धोक्याच्या गटात आलं. गट बदलला म्हणून मांजरं वाढली असं समजू नका, संख्या उतरतीच आहे असंच त्या मूल्यांकनातही म्हटलंय.

आता तुमच्या बोरूच्या बनाबद्दल. तळ्यातल्या माशांवर सगळ्यांचं लक्ष आहे, माझं त्या बनावर आहे.

वाघ जसा अभयारण्यांत सांभाळला जातो तसं या मांजराचं नाही. सुंदरबन, आंध्रातलं कोरिंगा, तराईतली काही उद्यानं सोडली तर ते लोकांच्या परसात, भातखाचरात, माशांच्या तळ्यांमध्ये, खाजगी बोरूत राहतं. हावड्यात तर अभयारण्य असं काही नाहीच. 2022 मध्ये चिलिका विकास प्राधिकरण आणि 'द फिशिंग कॅट प्रोजेक्ट' यांनी मिळून चिलिकाची मोजणी जाहीर केली, 176 मांजरं. संरक्षित क्षेत्राबाहेर झालेली या मांजराची ही जगातली पहिली मोजणी. सरोवराच्या उत्तर आणि ईशान्येकडच्या दलदलीत आणि पारिकुडच्या बाजूला, समोर हालचाल झाली की आपोआप चालू होणारे कॅमेरे लावले होते. प्रत्येक मांजराच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यावरून एकेक ओळखता येतं. कॅमेरे लावायला आणि जागा दाखवायला तिथले मासेमार आणि गावकरीच होते. कुठल्या खाचरातून मांजर येतं हे त्यांना पाठ असतं, आम्ही फक्त बॅटऱ्या बदलत होतो.

हावड्यात बोरू आणि पाणकणीस आपोआप टिकलेलं नाही. पानमळ्याच्या भिंती आणि छप्पर या बोरूचं, चटया आणि मांडव पाणकणसाचे. दरवर्षी कापायचं, विकायचं, पुन्हा उगवतं. म्हणून शेतकऱ्याने ती जमीन पाण्याखाली ठेवली आणि त्या पाण्यात मांजर राहिलं. आता पानमळ्यावर हिरवी प्लास्टिकची जाळी आली, वीटभट्टी आणि गोदामवाल्यांनी जमिनीला भाव दिला, आणि बोरूला गिऱ्हाईक राहिलं नाही. मांजर मारायला कोणी येतं असं नाही. मातीचे डंपर येतात आणि मांजर रस्ता ओलांडायला लागतं. नेपाळात चितवनला झालेल्या अभ्यासात मादीचा वावर चार ते सहा चौरस किलोमीटर आणि नराचा सोळा ते बावीस असा आढळला होता. तुमच्या दोन बिघ्यांत त्याचं भागत नाही. ते असे कितीतरी तुकडे जोडत फिरतं. बॉम्बे रोडवर तुम्ही जे बघितलंत ते अशाच दोन तुकड्यांच्या मधलं असणार.

खाण्याबद्दल खाडीकाठ यांचं बरोबर आहे. मासा हे याचं मुख्य अन्न, पण शिकार बहुतेक वेळा काठावर दबा धरून बसून, मासा जवळ येईपर्यंत. गरज पडली तर पाण्यात उतरतं, बुडीही मारतं. अंगावर दाट आतला थर असतो, त्यामुळे पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. मासे सोडून उंदीर, खेकडे, पक्षी, साप हेही खातं. भातशेतीच्या गावात उंदीर खाणारं जनावर आहे, हे काकीमांना सांगून बघा.

करता येण्यासारखं एक काम सांगतो. कॅमेरा. हावड्यात काही कुटुंबांच्या परसात असे कॅमेरे लावून, त्याच कुटुंबांनी आपल्या मांजरांवर लक्ष ठेवण्याचं काम आधी झालेलं आहे. तिथल्या संस्थेला विचारा. कॅमेरा तुमच्या हातात देऊ नका, त्या मुलाच्या हातात द्या. मासा कोण आणि कधी काढतो हे त्याने स्वतः बघितलं पाहिजे. मी सांगून किंवा तुम्ही सांगून त्याचा विश्वास बसणार नाही, आणि का बसावा?

आणि एक विनंती. बोरू कापताना पिल्लं सापडतात. रानात ती बहुतेक मार्च ते मे मध्ये दिसतात, एका वेताला दोन-तीन. लोक प्रेमाने उचलून घरी आणतात, दूध पाजतात. नका आणू देऊ. आई जवळपासच असते आणि रात्री येऊन नेते. ज्या कोपऱ्यात पिल्लं आहेत तेवढा बोरू न कापता ठेवावा, माणसांनी दूर जावं, कुत्रे बांधावेत. दुसऱ्या दिवशीही पिल्लं तिथेच असतील तर वनविभागाला कळवावं.

टिटवी

वाचतेय. एक साधा प्रश्न, हे आपल्याकडे महाराष्ट्रात आहे का? आमच्या उजनीच्या बाजूला लोक सांगतात की मासे खाणारं मांजर बघितलं.

चिखलवाट

@टिटवी, उजनीला मासे खाताना दिसलं असेल तर आधी ऊदाचा विचार करा. रानमांजरही पाण्याकाठी फिरतं. ठिपके दिसले होते का आणि शेपूट केवढी होती, हे त्या माणसांना विचारा, मुद्दाम उत्तर न सुचवता. पावलांचा फोटो मिळाला तर इथे टाका, काडेपेटी ठेवून.

निळीशाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अकरा दिवसांनी लिहितेय कारण आधी सांगण्यासारखं काही नव्हतं.

खाडीकाठ, तुमचे प्रश्न मी जसेच्या तसे काकीमांच्या मुलाला विचारले. तो आधी गप्प बसला, मग वही आणली. नऊपैकी सहा मासे ढगाळ दिवसांनंतरच्या सकाळी सापडलेले. त्याने स्वतःच बोटाने तारखा दाखवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता आम्ही तिघं तळ्यावर गेलो. टॉर्च लावला आणि बघितलं तर पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं. इथे त्याला खाबी खाणं म्हणतात, शब्द त्याला माहीत होता, पण पहाटे तळ्यावर यायचा प्रश्नच नव्हता कारण दिवसभराच्या मजुरीनंतर तो सहा वाजेपर्यंत मेल्यासारखा झोपतो. काकीमा पटकन म्हणाल्या, यांना आता शेण नको. कोणीतरी सांगितलं म्हणून दर आठवड्याला घमेलंभर शेण घालत होते ते. पंप शेजारच्यांकडून आणला. आठ दिवसांत एक मासा काठाला लागला.

लव्हाळं, कॅमेरा मिळाला. दोन तरुण येऊन दाखवून गेले आणि तुम्ही म्हणालात तसा तो त्याच्याच हातात दिला. कुठे लावायचा हे त्याने ठरवलं, पडलेल्या नारळाच्या खोडाजवळ. मला वाटलं होतं तळ्याच्या पायऱ्यांजवळ लावेल. तो म्हणाला, पायऱ्यांवर माणसांचा वास असतो, ते खोडावरून येतं. म्हणजे इतके दिवस त्याला त्याचा रस्ता माहीत होता.

पाच रात्रींत ते तीन वेळा आलं. एका रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी खोडावर येऊन बसलं आणि पस्तीस मिनिटं नुसतं बसून राहिलं. कान फक्त हलत होते. मग एकदम पुढचा पंजा आणि डोकं पाण्यात, आणि तोंडात वीतभर मासा. मुलाने मोबाइलवर मोठं करून बघितलं आणि म्हणाला, हा ल्याटा. आपल्याकडची मरळ असते त्या जातीचा, त्याने न सोडलेला, बनातून आपोआप तळ्यात येणारा. बोटुकलीला ल्याटा खातो, हेही तोच म्हणाला. दुसऱ्या एका रात्री मात्र एक छोटा रोहू नेलाय, तेही कॅमेऱ्यात आहे, लपवण्यात अर्थ नाही. ते बघून तो हसला नाही आणि चिडलाही नाही. वहीत लिहिलं: रोहू, एक, बाघरोल. आता रकाने केलेत, खाबी, बगळा, बाघरोल असे.

कॅमेऱ्याच्या तिसऱ्या रात्री एक कोल्हाही येऊन गेला आणि शेजारच्या गल्लीतले दोन कुत्रे. त्यांच्यासाठी अजून रकाना नाही.

तार अजून घरात आहे. मी विचारलं नाही, पण काकीमांनी सांगितलं की ती कोपऱ्याच्या जाळीचे बांबू बांधायला काढली आहे, पुढच्या पावसाळ्यातल्या बोटुकलीसाठी.

आता खरी अडचण. बोरूचं बन काकीमांचं नाही, त्यांच्या चुलत दिरांचं आहे. गेल्या वर्षी बोरू कोणी नेलाच नाही, तसाच वाळून पडला. परवा दोन माणसं मोजमाप करून गेली, भराव टाकून देतो म्हणाली. दीर म्हातारे आहेत, त्यांना पैसे हवेत, त्यातही मी चूक काढू शकत नाही. कोणाला इथल्या कायद्याची माहिती आहे का?

लव्हाळं

आहे, आणि तुमच्या कामाची आहे. पश्चिम बंगालच्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्यात, 1984 चा आहे, 17अ हे कलम नंतर घातलं गेलं. पाच कट्ठे (कट्ठा हे इथलं जमिनीचं माप) किंवा त्याहून मोठं, मासे होऊ शकतील असं पाणी बुजवता येत नाही. आणि नुसतं तळंच नाही, वर्षात सहा महिने पाणी राहणारी पाच कट्ठ्यांची खोलगट जमीनही त्यात येते. वीस कट्ठ्यांचा एक बिघा. तुमचं बन दोन बिघे म्हणजे चाळीस कट्ठे, आणि तुम्हीच लिहिलंय की उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर पाणी हटत नाही.

आधी जमिनीच्या नोंदीत तिचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. पुकुर, डोबा (छोटं डबकं) असं काही असेल तर हात मजबूत होतो. शाली म्हणजे भाताची जमीन असेल तरी सोडू नका, मग सहा महिने पाणी राहतं याचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, आत्तापासून दर पंधरा दिवसांनी, एकाच जागेवरून. अर्ज गट भूमी कार्यालयात आणि मत्स्य विभागात, दोन्हीकडे.

पण दिरांशी आधी बोला, अर्जाच्या आधी. कायद्याने भराव थांबेल, बोरू विकला जाणार नाही. पाच-सात मैलांत अजून जुन्या पद्धतीचे पानमळे असतील, त्यांना बोरू लागतोच. गिऱ्हाईक शोधून दिलंत तर त्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायला कारण मिळेल.

खाडीकाठ

आणि त्या बनातल्या पाण्यात मागूर-शिंगी होतात का बघा. हे मासे कमी प्राणवायूतही जगतात, वर येऊन हवा घेतात. बोरूही राहील आणि दिरांना मासळीचेही चार पैसे. फार खोलात जाऊन आत्ता सांगत नाही, पाण्याची खोली मोजून कळवा. एप्रिलात सगळ्यात कमी किती राहतं ते महत्त्वाचं.

निळीशाई

नोंद बघितली. चार तुकडे आहेत. तीन डोबा, एक शाली. रस्त्याला लागून आहे तो शालीचाच, आणि माणसं तिथेच मोजत होती.

काल काकीमांबरोबर दिरांकडे गेले. चहा घेतला, मुलाने मोबाइलवर ती पस्तीस मिनिटांची चित्रफीत लावून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पूर्ण बघितली, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, लहानपणी बोरू कापायला गेलो की याची पिल्लं दिसायची, आम्ही तेवढा गठ्ठा सोडून द्यायचो. आणि विचारलं, बोरूला भाव काय देतील.

तो मला माहीत नव्हता. मुलगा दोन पानमळेवाल्यांना ओळखतो, त्यांच्याकडे तो उद्या सकाळी सायकलवर जाणार आहे. सोमवारी मी आणि काकीमा गट भूमी कार्यालयात जातोय, शालीच्या तुकड्याचा पाण्यातला फोटो आज सकाळी काढला, तारीख टाकून. एप्रिलातलं पाणी मोजायला काठीला दोऱ्याने खुणा बांधून ठेवल्या आहेत. खाडीकाठ, खोली इथेच लिहीन.